एफ १.२ जुनी घेऊ का नवी? ५० एमएम रेंजफाइंडर लेन्सवर सविस्तर

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. तुझ्याकडे फिल्मवाला लायका एम सिक्स आहे, मागच्या महिन्यात एक सेकंडहँड डिजिटल एम टाइप २४० पण घेतला, सध्या ५० एमएमची एफ २ लेन्स वापरून राहिला अन् आता एक फास्ट ५० घ्यायची आहे, फास्ट म्हणजे एफचा आकडा लहान अन् उजेड जास्त घेणारी. एकीकडे कॅननची जुनी स्क्रूमाउंट ५० एफ १.२, जी १९५६ मध्ये आली, दुसरीकडे फोग्टलेंडरची नोक्टन ५० एफ १.२, जी २०१८ ची. काढायचं काय तर घरचे कार्यक्रम, आजीचे फोटो, अन् संध्याकाळचं गोकुळपेठ मार्केट, इतवारीच्या गल्ल्या. आणि खरा प्रश्न तू शेवटच्या ओळीत विचारला, की दोन्हीवर १.२ च लिहिलंय तर मग साठ वर्षांत बदललं काय?

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मग सांगतो. एकच घ्यायची असेल तर नवी घे. दोन घेता येत असतील तर नवी नोक्टन आणि तिच्या जोडीला जुनी एफ १.४, कॅननची किंवा निकॉनची निक्कोर. कॅनन १.२ मी स्वतः सोळा वर्षं वापरतोय आणि ती माझी फार जिवाची लेन्स आहे, पण पहिली फास्ट लेन्स म्हणून मी ती कोणालाच घे म्हणत नाही, त्यात न पाहता पार्सलने मागवायची असेल तर अजिबातच नाही.

आता बदललं काय. शब्द जरा जड आहे, स्फेरिकल अ‍ॅबरेशन, पण गोष्ट सोपी आहे. गोल घासलेल्या भिंगाच्या मधून येणारा उजेड आणि कडेने येणारा उजेड एकाच जागी जमत नाही, कडेची किरणं थोडी आधीच जमतात. भिंग जितकं मोठं उघडशील तितकी ही कडेची किरणं जास्त. मग होतं काय की डोळ्याची पापणी मधल्या किरणांमुळे शार्प येते पण तिच्यावर कडेच्या किरणांचा एक पातळ धूसर पदर चढतो, यालाच आपण सगळे ग्लो म्हणतो. त्याच किरणांमुळे मागच्या दिव्यांचे गोळे कडेला विरघळल्यासारखे मऊ होतात, म्हणजे बोके, धूसर पार्श्वभूमीचा पोत, छान येतो. आणि त्याच किरणांमुळे, तू एफ १.२ वरून २.८ वर गेला की कडेची किरणं कापली जातात आणि फोकसची जागाच मागे सरकते, याला फोकस शिफ्ट म्हणतात. ग्लो, मऊ पार्श्वभूमी अन् फोकस शिफ्ट ही तिन्ही एकाच पोटची भावंडं आहेत. एकाला घरी बोलावलं की बाकीचे दोघं पण येतातच, हे डोक्यात पक्कं बसव, कारण लोक जुन्या लेन्सचा ग्लो पाहून भाळतात आणि मग महिनाभराने विचारतात की माझे अर्धे फोटो आउट काहून येऊन राहिले.

नव्या लेन्समध्ये अ‍ॅस्फेरिकल भिंग असतं, म्हणजे कडेकडे त्याची गोलाई मुद्दाम बदललेली असते, त्यामुळे कडेची किरणं पण जागेवर येतात. ही कल्पना जुनीच आहे. लायकाने १९६६ च्या नॉक्टिलक्स ५० एफ १.२ मध्ये असे दोन पृष्ठभाग वापरले होते, पण ते हाताने घासावे लागत, म्हणून ती लेन्स फार थोडी बनली अन् प्रचंड महाग पडली. १९७६ ला तिच्या जागी एफ १.० ची नॉक्टिलक्स आली ती वॉल्टर मँडलर यांनी कॅनडात डिझाइन केली, आणि तिच्यात एकही अ‍ॅस्फेरिकल भिंग नाही, सगळं काम जास्त अपवर्तनांकाच्या काचेवर केलं. २००८ ला ०.९५ आली ती परत अ‍ॅस्फेरिकल. आज अशी भिंगं यंत्रावर एकसारखी बनतात म्हणून तुझ्यामाझ्या खिशाला परवडतील अशा लेन्समध्ये सुद्धा ती मिळतात. आणि २०२१ मध्ये लायकाने ती १९६६ वाली १.२ पुन्हा बनवून विकायला काढली, यावरूनच समज की तो जुना ग्लो लोकांना खरंच हवा आहे, ती फक्त हौशी लोकांची समजूत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या लेन्स अशा का आहेत ते कळत नाही. १९५० च्या दशकात कोडाक्रोम या रंगीत फिल्मचा स्पीड होता १०. दहा! त्या फिल्मवर घरात फोटो काढायचा म्हणजे एफ १.४ ची खरोखर गरज होती. जपानमध्ये तर शर्यतच लागली होती, झुनोव ५० एफ १.१ १९५३ मध्ये, फुजिनॉन ५ सेमी एफ १.२ १९५४ मध्ये, निक्कोर एफ १.१ १९५६ मध्ये, त्याच वर्षी कॅननची १.२, आणि १९६१ ला कॅनन सेव्हन या बॉडीसाठी ५० एफ ०.९५. त्या आधीची मोठी पायरी म्हणजे लुडविग बर्टेले यांची झाइस सोनार ५० एफ १.५, १९३२ ची. तेव्हा काचेवर उजेड परत फिरू न देणारं कोटिंग नव्हतं, काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर चार-पाच टक्के उजेड परत फिरायचा आणि आत उड्या मारत बसायचा. बर्टेलेंनी भिंगं एकमेकांना चिकटवून फक्त तीन गट केले, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच. म्हणून बिनकोटिंगची सोनार सुद्धा कॉन्ट्रास्ट धरून ठेवायची. डबल गाऊस पद्धतीच्या लेन्समध्ये, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखी भिंगं असलेल्या, गट चार किंवा जास्त, ती खरी फुलली ती कोटिंग आल्यावर.

हे सांगायचं कारण असं की जुनी फास्ट लेन्स म्हणजे एकच चव नाही. सोनार घराण्याच्या, म्हणजे जुनी सोनार, तिचा रशियन अवतार ज्युपिटर ३, निक्कोर ५ सेमी एफ १.४, या सगळ्या पाठीमागचं सगळं लोण्यासारखं विरघळवतात. कॅनन १.२ आणि १.४ या डबल गाऊस. तिथे डिझायनरने गोल भिंगांनीच कडेची किरणं ओढूनताणून जागेवर आणायचा प्रयत्न केलेला असतो, त्यामुळे मागे दिवे असले की गोळ्यांना काठ दिसतो, आणि मागे कडुनिंबाच्या पानांतून ऊन येत असलं की पार्श्वभूमी गजबजून जाते. मला ते आवडतं पण सगळ्यांना आवडेल असं नाही, म्हणून पानांसमोर एकदा लावून पाह्यल्याशिवाय पैसे देऊ नको.

आता उजेडाचा हिशेब. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, आणि एफ १.४ आणि १.२ मधला फरक अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी आहे. एफ २ वरून १.४ वर गेला तर पूर्ण एक स्टॉप मिळतो, १.४ वरून ०.९५ वर गेला तरी एकापेक्षा किंचितच जास्त. तुझ्या डिजिटल एमवर आयएसओ ८०० चं १६०० केलं की तेवढा स्टॉप फुकटात मिळतो. फिल्मवर मात्र हिशेब वेगळा. आमच्या घरी देवघरात समईच्या उजेडात आईचा फोटो काढतो तेव्हा ४०० च्या फिल्मवर एफ १.४ ला १/१५ किंवा फार तर १/३० मिळतं, तिथे अर्धा स्टॉप पण जीव वाचवतो. म्हणजे एम सिक्सवर फास्ट लेन्स उजेडासाठी घ्यायची आणि टाइप २४० वर ती चेहरा कसा रेखाटते त्यासाठी घ्यायची. हे दोन वेगळे हेतू आहेत अन् तू ते एकत्र करून राहिला.

आणि उलटी बाजू पण ऐक, जी नागपूरकराला जास्त लागू होते. आपल्याकडे दिवसा उजेड जास्तच होतो. उन्हात ४०० ची फिल्म, एफ १.४, शटर लागतं १/५०००० च्या आसपास, एम सिक्सचं शटर थांबतं १/१००० वर. मी एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत गेलो होतो, आभाळ भरून आलं होतं म्हणून भरवशाने ४०० ची फिल्म आणि एकच फास्ट लेन्स घेऊन गेलो, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गजर सुरू झाला आणि नेमकं तेव्हाच ऊन पडलं. पूर्ण रोल एफ ११ वर काढला, तो रोल कुठल्याही साध्या एफ २.८ ने काढला असता तर काडीचा फरक दिसला नसता. तेव्हापासून बॅगमध्ये एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, असतो. तीन स्टॉपचा एनडी लावून डिजिटलवर आयएसओ २०० ला एफ १.४ भर उन्हात जमतं, शटर १/३२०० च्या जवळ येतं. ४०० च्या फिल्मला सहा स्टॉपचा लागेल. फिल्टरची साइज पण बघून ठेव, कॅनन १.२ ला ५५ एमएम, नोक्टन १.२ ला ५२, आणि कॅनन ०.९५ ला तर ७२.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर तुझ्या प्रश्नात एक अक्षर नव्हतं: फोकस. एसएलआर मध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, तू लेन्समधूनच पाहतो, लेन्स चुकली तर तुला दिसतं. रेंजफाइंडर मध्ये तू लेन्समधून पाहतच नाही, लेन्सच्या मागचं रिंगण बॉडीतल्या एका छोट्या रोलरला ढकलतं आणि त्यावरून फाइंडरच्या मधला पॅच, म्हणजे दुसरी प्रतिमा, हलतो. पॅच जुळला म्हणजे लेन्स फोकस झाली हा फक्त विश्वास आहे. १ मीटरवर ५० एमएमला एफ १.४ वर शार्प पट्टा मिळतो जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर, १.२ वर तीनच्याही आत, ०.९५ वर सव्वादोन. चेहऱ्याचा विचार कर, नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतच जवळपास तेवढं अंतर असतं.

त्यात आपली सवय काय की मधल्या पॅचने डोळ्यावर फोकस करायचा आणि मग कॅमेरा फिरवून चेहरा बाजूला घ्यायचा. १ मीटरवर कॅमेरा १५ अंश फिरवला तर फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे ३.४ सेंटिमीटर मागे जाते. म्हणजे लेन्स, कॅमेरा, डोळे सगळं बरोबर असूनही फोटो आउट. यावर उपाय एवढाच की फास्ट लेन्सने जवळचा माणूस फ्रेमच्या मध्याच्या आसपास ठेव, किंवा अंतर दीड-दोन मीटर कर, २ मीटरवर एफ १.४ ला पट्टा तेरा सेंटिमीटर होतो आणि जीव भांड्यात पडतो. नवीन पोरं ०.९५ घेऊन ७० सेंटिमीटरवर पोर्ट्रेट काढायला जातात, त्यात त्यांची काही चूक नसते, हे गणित त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

फोकस शिफ्टचा माझा धडा महाल भागातल्या एका वाड्यातल्या बारशाला मिळाला. झाइसची नवी सी सोनार ५० एफ १.५ होती. नवी असली तरी डिझाइन जुन्या सोनारच्या वळणाचं, शिफ्ट तिच्यात मुद्दाम राहू दिलेला आहे. माझ्याकडची एफ २.८ ला जुळवलेली होती, म्हणजे २.८ वर पॅच खरं बोलतो आणि १.५ वर फोकस थोडा पुढे पडतो. मी दिवसभर १.५ वर काढले. पणजीबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, खिडकीतून उजेड, मी डोळ्यावर पॅच जुळवला. घरी येऊन पाहतो तर चष्म्याची फ्रेम एकदम टोकदार आणि डोळे धूसर, अशा अकरा फ्रेम. ते दृश्य परत येणार नव्हतं. पुढे मी त्या लेन्सशी जुळवून घेतलं, १.५ वर असताना पॅच जुळला की डोकं अगदी केसभर पुढे झुकवतो. जमतं, पण प्रत्येक लेन्सची अशी एक खोड पाठ करावी लागते आणि कार्यक्रमात गडबडीत ती आठवावी लागते. माझ्या नोक्टन १.२ वर हे काम कधी करावं लागलं नाही, १.२ ते ४ मध्ये कुठेही ठेव, पॅच म्हणतो तिथेच फोकस. म्हणूनच मी तुला नवी घे म्हणतोय, शार्पनेससाठी नाही.

टाइप २४० वर लाइव्ह व्ह्यू आहे, तिथे लेन्समधून जे पडतं तेच दिसतं, शिफ्ट वगैरे सगळं सुटतं, फक्त ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस कर. पण एम सिक्सवर हा आधार नाही. आणि एम सिक्सचा फाइंडर ०.७२ पट दाखवणारा, म्हणजे रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं ६९.२५ मिलिमीटरचं अंतर प्रत्यक्षात ५० मिलिमीटरएवढंच कामाला येतं. जुन्या एम थ्रीचा फाइंडर ०.९१ चा आहे, फास्ट ५० साठी अजूनही माझ्या मते तीच सगळ्यात चांगली फिल्म बॉडी. तुझ्या बॉडीला १.२५ चा मॅग्निफायर लाव, जवळपास तिथे पोचशील, आणि लेन्सवर उडवायच्या आधी हा खर्च कर.

तू विचारलं होतं की दोन्ही १.२ शेजारी शेजारी लावून कोणी पाह्यल्या का. मी पाह्यल्या, दोन वर्षांपूर्वी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या रात्री दीक्षाभूमीच्या रस्त्यावर. दोन बॉडी गळ्यात, एकीवर कॅनन, एकीवर नोक्टन. तिथे रात्रभर पुस्तकांचे स्टॉल असतात, डोक्यावर उघडे दिवे, खाली पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, दुरून दुरून आलेली माणसं, कोणी रस्त्याच्या कडेलाच अंथरूण घातलेलं. अशा ठिकाणी लेन्सची खरी परीक्षा होते कारण दिवा फ्रेमच्या आतच असतो. नोक्टनने १.२ वर पुस्तकांच्या पाठींवरची नावं वाचता येतील अशी दिली, दिव्याच्या बाजूचा अंधार अंधारच राहिला, कोपऱ्यातले दिवे थोडे लांबट झाले पण दिवेच राहिले. कॅननने प्रत्येक दिव्याभोवती एक वलय काढलं, कोपऱ्यातल्या दिव्यांना कोमा नावाच्या भिंगाच्या दोषामुळे चिमण्यांसारखे पंख फुटले, आणि पांढऱ्या साडीच्या कडेतून उजेड पाझरल्यासारखा दिसला. एक आजीबाई पुस्तक डोळ्याजवळ नेऊन वाचत होत्या, तो कॅननचा फोटो माझ्या भिंतीवर आहे. नोक्टनचा त्याच आजींचा फोटो माहिती जास्त देतो, काय वाचतायत ते पण दिसतं, पण भिंतीवर तो नाही. आणि त्याच रात्री कॅननने काढलेल्या साठेक फ्रेमपैकी निम्म्याहून जास्त एकतर फोकस चुकून किंवा समोरच्या दिव्याने धुवून निघून वाया गेल्या, हे पण लक्षात घे. दुसऱ्याच्या लग्नाला मी ती लेन्स मुख्य म्हणून नेत नाही.

एक सांगतो, एफ ५.६ ला दोघींचे प्रिंट मी दहा-बारा इंचात काढून दाखवले तर तुला ओळखू येणार नाहीत. फरक सगळा पूर्ण उघडी ते २.८ एवढ्यातच आहे. तू जर बहुतेक वेळ ४ किंवा ५.६ वरच काढत असशील, तर तुझी आत्ताची एफ २ पुष्कळ झाली.

कोणत्या जुन्या बघायच्या ते थोडक्यात. कॅनन ५० एफ १.४, १९५७ पासूनची, सहा भिंगं चार गट, हलकी, २.८ ला आजच्या लेन्ससारखी वागते, पैशाच्या मानाने हिच्याइतकी शहाणी जुनी लेन्स मला माहीत नाही. निक्कोर ५ सेमी एफ १.४, १९५० ची, पितळ आणि क्रोमची वजनदार, सोनार वळणाची, जवळच्या चेहऱ्यांना फार सुंदर. स्क्रूमाउंटवाली तर रेंजफाइंडरची साथ सुटल्यावरही पुढे फिरत अर्ध्या मीटरच्या आत येते, तुझ्या लाइव्ह व्ह्यूवर ते कामाचं. ज्युपिटर ३ स्वस्त म्हणून मोह होईल, पण तिची रचना झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या मापाची, लायकाचा रोलर ५१.६ मिलिमीटरच्या लेन्सचा हिशेब धरून चालतो आणि कॉन्टॅक्सचा ५२.४ चा, त्यामुळे दूरचं जुळवलं तर जवळचं चुकतं अन् जवळचं जुळवलं तर दूरचं. जाणकाराने शिम, म्हणजे आतली पातळ चकती, बदलून दिलेली असेल तरच घे. लायकाची समारिट ५ सेमी एफ १.५ देखणी आहे, कोटिंग मात्र फार नाजूक, पुसून पुसून ओरखडे पडलेल्याच जास्त दिसतात. कॅनन ०.९५ नुसती हौस, ६०० ग्रॅमच्या वर वजन, फाइंडरचा कोपरा झाकते, आणि मूळ माउंट कॅनन सेव्हनच्या बाहेरच्या बेयोनेटचा, म्हणून तुझ्या बॉडीला लावायला कोणीतरी ती कापून बदललेली असते. तो बदल कसा केलाय त्यावर सगळं अवलंबून.

नव्यांमध्ये नोक्टन १.२ सोडून नोक्टन ५० एफ १.५ पण बघ, २०२० ची, ती सिंगल कोटिंग आणि मल्टी कोटिंग दोन्हीत मिळते. मांडवात एलईडीच्या माळा असतात, त्यांच्यासमोर मल्टी कोटिंगच घे. चिनी सेव्हन आर्टिझन्सची ५० एफ १.१ सोनार वळणाचीच आहे, नवी असून जुनी वागते, शिफ्ट आहे, पण तिचं फोकसचं कॅम, म्हणजे रोलरला ढकलणारं रिंगण, घरी जुळवता येतं, बजेट कमी असेल तर शिकायला चांगली. लायकाची समिलक्स ५० अ‍ॅस्फेरिकल, २००४ ची, तिच्यात जवळच्या फोकससाठी भिंगांचा गट वेगळा सरकतो, तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत सरस, पण तेवढ्या पैशात नोक्टन, जुनी कॅनन आणि दोन वर्षांची फिल्म येते.

जुनी घेताना बघायचं काय. अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, मोबाइलचा टॉर्च मागून मार आणि पुढून तिरकं पाहा. धुळीचे कण असले तर सोडून दे, त्याने काही होत नाही. धुक्यासारखा सरसकट पदर दिसला तर तो हेझ, आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसते, आणि कॅनन १.२ मध्ये हा रोग नेहमीचा आहे. कधी साफ होतो, कधी काच खाऊन टाकलेली असते. मी एकदा परदेशातून एक १.२ मागवली होती, विकणाऱ्याने काच स्वच्छ म्हणून लिहिलं होतं, कारागिराने उघडली तर अ‍ॅपर्चरच्या मागच्या भिंगाचं कोटिंग गेलेलं, वर काच खडबडीत झालेली, ड्यूटीसकट सगळे पैसे बुडाले. म्हणून विकणाऱ्याकडून टॉर्च मारलेला फोटो आल्याशिवाय पुढे जायचं नाही. चिकटवलेल्या भिंगात कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर डिंक सुटून राहिला, अशी घेऊच नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. आणि स्क्रूमाउंट ते एम माउंटचा अ‍ॅडाप्टर बरोबर १ मिलिमीटर जाडीचा पाहिजे, माउंटपासून फिल्मपर्यंतच्या अंतरात, २८.८ आणि २७.८ मधला, फरक तेवढाच आहे, स्वस्तातला घेतला की जाडी कमीजास्त निघते आणि तू लेन्सला दोष देत बसतो.

आपल्या नागपुरात बुरशी पावसाळ्यातच लागते असं लोक समजतात, पण मी सगळ्यात जास्त बुरशी कूलरच्या खोलीत पाह्यली. एप्रिल-मे मध्ये बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि आपण खोलीत रात्रंदिवस कूलर लावून भिंती घाम फुटेपर्यंत ओल करतो, त्याच खोलीच्या कपाटात चामड्याच्या केसमध्ये लेन्स बंद. चामडं ओल धरून ठेवतं, केस काढून टाक. हवाबंद डबा, सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की तव्यावर कोरडं करून परत, आणि लेन्स कूलर नसलेल्या खोलीत. दुसरं, मे महिन्यात गाडीत लेन्स ठेवू नको. बाहेर ४५ असतं तेव्हा बंद गाडीत आणखी किती होतं विचार कर, साठ वर्षांपूर्वीचं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं आणि तिथून वाफ होऊन काचेवर, वर सांगितलेला हेझ असाच तयार होतो. नवीन लेन्सला पण हे सोसत नाहीच, फक्त तिचं ग्रीस ताजं असतं म्हणून दहा वर्षं जास्त काढते.

आता लेन्स घ्यायच्या आधी एक काम कर. टाइप २४० ट्रायपॉडवर लाव, टेबलावर वर्तमानपत्र ४५ अंशात टेकवून ठेव, मधली एक ओळ पेनाने आखून घे, १ मीटरवरून पॅचने त्या ओळीवर फोकस कर आणि आत्ताच्या एफ २ ने पाच फ्रेम काढ, दर वेळी रिंग पूर्ण फिरवून पुन्हा फोकस करून. मग रात्री चंद्रावर पॅच जुळतो का ते पाहा, लेन्स अनंतावर ठेवून. पाचही फ्रेम एकाच बाजूला चुकल्या तर बॉडीचा रोलर जुळवून घ्यावा लागेल, ते काम कारागिराकडूनच, स्वतः चावी घालू नको. कधी पुढे कधी मागे चुकल्या तर ते डोळ्याचं किंवा हाताचं आहे, तिथे मॅग्निफायर आणि चष्म्याचा नंबर तपासणं. बॉडी बरोबर निघाली की एखाद्या रविवारी सकाळी फुटाळा तलावावर ये, माझ्या दोन्ही १.२ आणि कॅनन १.४ घेऊन येतो, तुझ्याच कॅमेऱ्यावर तिन्ही लावून पाहा, आजींना सोबत आणता आलं तर फारच छान, तिथे सकाळी सावलीत चेहऱ्यावर उजेड मऊ असतो.